अकरा वेळा

लेवार्डनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा.
वीबेनं विचारलं, पाळीव की रानटी?
पक्षी धरायचे का? नामशेष झालेले?
मिनिट संपलं. कागदावर: चार.

अहो, हा सातव्या वर्षीही असाच होता,
मी म्हणाले. प्रश्नाला आधी कुंपण घालायचं,
मगच आत पाऊल.
चेहरे तर त्याला कधीच ओळखू आले नाहीत.
मला, सख्ख्या बहिणीला,
तो चपलांच्या आवाजावरून ओळखतो.

पुलावरची चाळीस वर्षं विचारा त्याला.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
नावाड्यांकडून टोल घ्यायचा,
डोळ्यांत न बघता.
कुठल्या बोटीची डोलकाठी किती उंच,
सेंटिमीटरसकट सांगेल.

त्रेसष्टाव्या वर्षी शब्द मिळाला: ऑटिझम.
म्हणाला, बरं झालं, फाइलला नाव आलं.
आता एकाहत्तर.

बाई विचारतात, आधीपेक्षा काही बदल?
त्यांच्या तक्त्यात सगळ्यांची सरासरी आहे,
वीबेची नाही.
ती माझ्यापाशी आहे,
आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही.

चहा तो अकरा वेळा ढवळतो. जन्मभर.
मंगळवारी नऊवर थांबला,
चमचा बशीत ठेवला
आणि कालव्याकडे बघत प्यायला.
त्याला कळलं नाही.

उरलेल्या दोन फेऱ्या
मी माझ्या कपात मारल्या, हळूच.
त्यानं मान वळवली.
"येल्च्ये,
तुझ्या कपात चहाच नाहीये."