चार बोटं पाणी

बांधावरच्या खोलीत एक वही आहे.
तिच्यात माझ्या आधीच्या माणसाचं अक्षर:
पाणी इतकं, वारा वायव्येचा, बर्फ अजून वाजतंय.
माझ्या पानांवर नुसते आकडे.

कुओर्तीलाम्पी म्हणतात या तळ्याला.
नकाशात ते टाकून दिलेल्या हातमोज्यासारखं दिसतं
आणि प्रत्येक बोटाशी कुणाचं तरी घर.

अंगठ्यापाशी रायनोचा धक्का.
पाणी चार बोटं उतरलं की होडी चिखलात बसते
आणि तो फोन करतो.
करंगळीपाशी हिल्काचं बटाट्याचं वावर.
पाणी चार बोटं चढलं की
ती फोन करत नाही, स्वतः येते,
रबरी बूट काढते आणि माझ्या दारात उपडे करते.
उंबऱ्यावर तळं.

दोघंही एकमेकांना पाण्यात पाहतात
आणि दोघंही मला.

मधल्या बोटाच्या पेरावर कुइक्काचं घरटं आहे.
त्या पक्ष्याचे पाय इतके मागे
की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही,
म्हणून अंडी अगदी काठाला.
त्याच्या नावे जमिनीचा उतारा नाही.
मी चक्र फिरवतो तेव्हा तो मान वळवून बघतो,
बस्स.

कागदावर दोन रेघा आहेत, वरची आणि खालची.
त्या दोहोंच्या मध्ये मी नोकरी करतो.

त्या वर्षी मे महिन्यात बर्फ एकदमच सुटलं.
शहरातून निरोप: दारं बंद ठेवा,
खाली कोस्केला गावात तळघरं भरतायत.
ठेवली.
वरची रेघ बुडाली. मग मोजपट्टीवरचा लाल आकडा.
मग माझ्या बहिणीचा सॉना.

एल्वी आणि तिच्या नवऱ्यानं तो दोन उन्हाळे बांधला होता,
ओंडके स्वतः सोललेले.
तो गेल्यावरही दर शनिवारी ती दोन टॉवेल नेई.
मी बांधावरून दुर्बिणीतून पाहिलं:
पायऱ्या, मग उंबरा, मग दाराची कडी.
माझा हात चक्रावर होता.
लोखंड गार होतं, एवढंच आठवतं.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली.
कॉफी, वेलदोड्याचे पाव, भरपाईचे अर्ज.
रायनो बोलला, हिल्का बोलली,
वकील तर पाऊण तास बोलला पाण्याच्या हक्कावर,
तोवर पाणी बाहेर आपलं आपण उभं.
एल्वीनं शेवटी एकच विचारलं:
खाली किती तळघरं होती?
दोनशे बारा, मी म्हणालो.
तिनं ओठ हलवले, जणू मोजून बघतेय,
आणि पाव संपवला.

दुसऱ्या दिवशी परवानगी आली.
मी दुपारी पाणी सोडलं.
तिनं सॉनावर सकाळीच सोडलं होतं:
अर्ज कोराच, घडी घालून,
माझ्या दाराच्या फटीत.

घरटं मात्र नव्हतंच.
ते कुठल्या दिवशी गेलं याची नोंद वहीत नाही.
मी शोधली.

सप्टेंबरात रायनोचा फोन:
होडी चिखलात बसलीय.
किती उतरलंय?
चार बोटं, तो म्हणाला.
कुणाची, हे मी विचारलं नाही.