वीतभर एसटी

फडतरे ड्रायव्हरची मुलगी म्हणाली,
नवी नको, त्यांची होती तशीच करा,
वडूज डेपोची, रात्री निढळला मुक्कामी जाणारी.

पत्रा कापून ठेवलेला, साडेनऊ इंच.
लाल मात्र जमेना.
डबीतला फारच लग्नघरचा.
त्यात थेंबभर काळा, मग नखावर येईल इतका तपकिरी,
तरी उन्हात उभी राहिलेली गाडी होईना.
शेवटी खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटानं उचलली,
वार्निशात कालवली.
आमच्या खटावात तिला वेगळा पैसा पडत नाही.

शून्य नंबरच्या ब्रशला ओठांत धरून टोक काढलं,
श्वास आवरून पाटी लिहिली.
निढळचा 'ढ' तीनदा पुसला.
खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्या:
दुसरीखाली एक, मागच्या दाराशी दोन.
हे काम तसं मजेचं.

तिनं गाडी उजेडाकडे फिरवली.
डाव्या दिव्याखाली पोचा होता, म्हणाली.
कसला, ते मी विचारलं नाही.
म्हैस आडवी आलेली, असं सांगून हसली,
मग हसू संपलं तरी तोंड तसंच राहिलं.

तीन आठवडे सरळ राहावा म्हणून जपलेला पत्रा
चमच्याच्या दांड्यानं दाबला.
पोच्यात जरा जुना लाल भरला,
कडेला गंज, सुईच्या टोकाएवढा.

सीटवर माणूस बसवू का?
नको. त्यांच्या बाजूचं दार तेवढं उघडं ठेवा,
चहाला उतरलेत.

दार मी कालच चिकटवलेलं.
ब्लेड शोधायला उठलो.