सेकंडहँड माइक

बाराशेला देतो. नवा साडेचार हजारांचा आहे,
पण नवा घेऊ नकोस, उत्कर्षा,
नव्या वस्तूचं दडपण येतं, तोंड उघडत नाही.
वरचा फोम तेवढा धुऊन घे,
त्यात माझी दोन वर्षांची चहाची वाफ आहे.

आधी आवाज, मग चित्र.
चित्र धूसर असलं तर लोक डोळे बारीक करून बघतात,
आवाज खरखरला की उंबऱ्यावरूनच परत,
चप्पलसुद्धा काढत नाहीत.
तुमच्याकडे आठला कुकर लागतो, मग खाली दत्ताची आरती,
मग अंबडच्या कंपन्यांच्या बस त्रिमूर्ती चौकात वळताना
एकमेकींना शिव्या घालतात.
म्हणून दहानंतर बस.
दाराला गोधडी लाव. गोधडीवर खर्च शून्य,
आणि आवाज असा येतो की जणू तू कानाशीच बसलीयेस.

खेळ कोणता, विचारतेस.
सगळे खेळतात तो नको.
दिवाळीच्या सुट्टीत सीबीएसवर उभं राहून
‘मी इथंय’ असं ओरडण्यासारखं होतं ते.
तुझा तो विहिरीत उतरायचा छोटा खेळ घे,
ज्यात तू माझ्या काउंटरला टेकून अकरा वेळा मेलीस.
बाराव्यांदा काय म्हणालीस?
‘आयला, परत तीच पायरी!’
गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड सोडून तुझ्याकडे बघत होतं.
ते लोकांना हवंय. जिंकणारे खूप आहेत.

‘हॅलो गाइज’ म्हणालीस तर माइक काढून घेईन,
पैसेही परत देणार नाही.

सुरुवातीचं घसा खाकरणं, ‘येतोय का आवाज’,
खुर्ची सरकवणं, सगळं काप.
मधलं गप्प बसणं मात्र ठेव थोडं.
पुढच्या पायरीला घाबरून तू थांबतेस ना,
तिथं बघणाराही श्वास धरतो.

खिडकीला पडदा. तुमच्या खिडकीतून निळी टाकी दिसते,
टाकीवर नगरसेवकाचं नाव केवढं मोठं,
त्या नावावरून कुणीही जिन्यापर्यंत येईल.
आणि कुणी गोड बोलून ‘चॅनल वाढवून देतो,
पासवर्ड पाठव’ म्हणाला,
तर त्याला पासवर्ड म्हणून माझा नंबर दे.

रोज टाकायचा हट्ट नको.
मंगळवार आणि शुक्रवार. शनिवारी आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही.
पैशांचं म्हणशील तर
मला दोन वर्षांत जेवढे मिळाले
त्यात आपल्या दोघांची मिसळ झाली असती,
जादा पाव धरायचा नाही.

एक सांगतो, हसू नकोस.
सुरुवातीला तीन आठवडे मला एकच माणूस बघायचा.
न चुकता. मी सुरू केलं की कोपऱ्यात आकडा यायचा, एक.
मी त्याच्यासाठी तयारी करायचो,
कागदावर मुद्दे काढायचो,
‘काय भो, जेवलास का’ असं विचारायचो,
दाढीसुद्धा करायचो, आणि कॅमेरा तर नव्हताच.
मग एकदा दुकानाची चावी विसरली म्हणून रात्री परत आलो,
तर काउंटरमागे माझाच जुना फोन,
चार्जिंगला लावलेला,
त्यात मी बोलत होतो, मला.

त्यानंतर बघणारे दोनशे झाले, एकदा तर नऊशे.
पण त्या तीन आठवड्यांत बोललो
तसं नीट पुन्हा कधी जमलं नाही.
का, ते अजून कळलं नाही.
कळलं असतं तर माइक विकला नसता.

हजार दे, चल.
बटण डावीकडे दाबून धरायचं, मग लाल दिवा लागतो.
कधी लागत नाही, तरी माइक चालूच असतो,
म्हणून दिवा नसला तरी आईबद्दल जपून बोल.
मंगळवारी कोपऱ्यात एक दिसला
तर तो मी असेन, नाहीतर तो फोन.
दोघांपैकी कोण, ते शोधत बसू नकोस.

अगं थांब, केबल राहिली.