सहाशे बारा

मोंतेविदेओहून पत्र आलं:
देशाचं ध्येय काय असावं, प्रत्येक गावानं कळवावं,
एका ओळीत.
ओळीसाठी जागाही आखून दिलेली,
माझी एक वीत.

मी इर्मा एचेगोशेन. दुरास्नोच्या नगरपालिकेत
एकतीस वर्षं जन्म लिहिते, मृत्यू लिहिते,
कुत्र्यांचे परवाने लिहिते.
ध्येय आजवर कुणी विचारलं नव्हतं.

महिनाभर जिन्याखाली पेटी ठेवली.
‘यी नदीवर उंच पूल.’
‘आईचं पेन्शन एक तारखेला.’
‘वर्ल्ड कप’, सत्तावीस वेळा,
अक्षरं वेगळी, शाई एकच.
कुणीतरी खिशातली भलतीच चिठ्ठी टाकलेली:
दोन किलो बरगड्या, कोळसा, मीठ.
एक्केचाळीस कोऱ्या.

कोऱ्या कागदाला हात लागला की मला वडील आठवतात.
तेव्हा देशाला ध्येय होतं.
सकाळी सहाला रेडिओवर यायचं, बँडसकट.
त्याच्याच मापानं माणसं मोजली,
प्रत्येक नावापुढे एक अक्षर: ए, बी, नाहीतर सी.
वडील शाळेत क्लॅरिनेट शिकवायचे.
त्यांना सी.
क्लॅरिनेटनं देशाचं काय वाकडं केलं
हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.
पुढे ते दारोदार मध विकत,
आणि बाटल्या मात्र सुरात लावून ठेवत.

मग ऐंशी साल. नोव्हेंबर.
आभाळ लख्ख, थेंबाचा पत्ता नाही,
आणि रस्त्यावर गाड्यांचे वायपर चालू.
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
काचेवर मान हलवत: नाही, नाही.
मी बारा वर्षांची, मागच्या सीटवर.
आमची गाडी उसनी, तिचा एकच वायपर चालायचा.
वडील म्हणाले, एक पुरे.

त्या दिवशी सगळा देश एका सुरात होता म्हणतात.
असेल. सूर नकाराचा होता.
होकार कशाला द्यायचा, ते ठरवायचं राहूनच गेलं.
का ते न ठरवणं हेच आम्ही ठरवलं होतं?
माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.
पण मी कारकून.

वॉशिंग्टन पेर्दोमो, माझा मदतनीस, वय पंचवीस,
म्हणतो, ‘बाई, तुमचं बरं होतं.
नाही म्हणायला समोर काहीतरी होतं.
आम्ही कुणाकडे बघून मान हलवायची?
माझ्या वर्गातले अकरा जण बार्सेलोनात ताटं विसळतात.
घर स्वच्छ आहे, दारं उघडी आहेत, कबूल.
पण कुठं जायचं ते ठरलं नसलं
की माणसं त्याच दारानं निघून जातात.’

मला उत्तर सुचलं नाही.
किटली ठेवली. येर्बाचा कडू चहा भरला.
तो प्याला, पण प्रश्न काही गिळला नाही.

मोजणीला तीन पक्षांची तीन माणसं आली.
यांच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले धरलेले.
बरगड्यांच्या चिठ्ठीवर पाऊण तास भांडले:
हे ध्येय धरायचं की नाही?
धरलं. दोन विरुद्ध एक.
हरलेल्यानं सही केली,
सहीखाली लिहिलं, ‘मला अमान्य’,
आणि बाकीच्या दोघांनी
त्या ‘अमान्य’च्या खाली साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

ते गेल्यावर मी आखलेल्या जागेत लिहिलं:
‘सहाशे बारा. तीनदा मोजल्या.’
ओळ निम्मी उरली.
तशीच राहू दिली. उरल्येय हे तिकडे दिसू दे.

पाकिटाला डिंक लावणार, इतक्यात
वॉशिंग्टन म्हणाला, ‘थांबा’,
आणि चार घड्यांचा एक कपटा आत सरकवला.
मी उघडला नाही.

सहाशे तेरा.
म्हणजे पुन्हा मोजणं आलं.
तिघांना फोन लावले.
अमान्यवाला जेवायला बसला होता. घास तोंडात ठेवूनच
माझ्यावर खेकसला.

आला.