खडूची किंमत

मिरकरवाड्याच्या वळणावर, बर्फाच्या कारखान्यामागे
बशीर सोलकरांचं गॅरेज.
इथे गाडीचं वय सालात मोजत नाहीत,
खाऱ्या वाऱ्यात किती काढली ते बघतात.
मी दरवाज्याखालून बोट फिरवतो
आणि सांगतो: ही घाटावरची.
ही इथलीच, मेली.

लँडमास्टर पंचावन्न सालची, खातू वकिलांची.
दर दिवाळीला क्रोम पुसायला यायचे,
घरचा रुमाल घेऊन;
आमच्या चिंध्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.
तेव्हा कोल्हापूरचे, मडगावचे शौकीन दारात उभे राहत,
आकडा सांगत. वकील नुसते हसत.
आता वकील नाहीत.
शौकीनही एकेक करून गेले:
आधी गुडघे, मग मोतीबिंदू,
मग पेपरातला काळा चौकोन.
मुलाचा बेळगावहून फोन: चाचा, येईल त्याला देऊन टाका.

येतंय कोण?
येतात ते चाळिशीतले, पाठीला लॅपटॉप,
आणि विचारतात मारुती एटहंड्रेड, जुन्या तोंडाची.
विचारतात कॉन्टेसा. विचारतात जिप्सी.
चाचा टपावर टिचकी मारतात:
"ह्यो पत्रा? बिस्किटाचा डबा बरा."
आणि समोरचा जो आकडा सांगतो
त्यात एके काळी लँडमास्टर येऊन
वर मिऱ्यावर दोन गुंठे आले असते.

परवा आलेला निनाद पावसकर.
गाडी सत्त्याऐंशीची, पांढरी,
करबुड्याच्या एका मास्तरांची. तिच्यात कोंबड्या अंडी घालत.
त्याने बॉनेट उघडलं नाही.
चावी मागितली नाही.
मागचं दार उघडून आत शिरला, सहा फुटी माणूस,
गुडघे हनुवटीला, गाल काचेला.
बराच वेळ.
मग काचेचं हँडल फिरवलं, ते अर्ध्यात अडकलं.
"हे नका दुरुस्त करू," म्हणाला,
"आमचंही इथेच अडकायचं."

रात्री रॉकेलने हात धुताना
चाचा एकदम बोलले:
"वकीलसाहेब पण पहिल्यांदा आले ना,
मागेच जाऊन बसले होते.
मला वाटलं, ड्रायव्हर ठेवायची सवय असेल."
आणि पुढे काही नाही. हात धूत राहिले,
स्वच्छ झाल्यावरही.

माझं लहानपण मॅटाडोरच्या हौद्यात गेलं,
बांगड्याच्या पेट्यांवर, ढुंगण बर्फाने बधिर.
तसली मॅटाडोर कुणी शोधत येत नाही.
भंगारवाल्या इस्माईलला मात्र
मी हळूच सांगून ठेवलंय.

लँडमास्टर अजून शेडमध्येच आहे.
शुक्रवारी चाचा तिला जेटीपर्यंत फिरवून आणतात,
बॅटरी मरू नये म्हणून.
समोरच्या काचेवर खडूने लिहिलेली किंमत
वारा आठवड्याभरात खातो.
मी परत लिहितो.
दर वेळी थोडी कमी.