एका मिनिटात

मोबाईलवर साठ सेकंद लावले
आणि उतारा पुढं सरकवला.
धनू नाईक तांडा, तालुका जिंतूर, इयत्ता तिसरी.
पट एकोणीस, हजर चौदा,
वर पत्रा, पत्र्यावर माकडं.
केंद्रप्रमुख गव्हाणे सर दारातच खुर्ची टाकून,
मांडीवर तक्ता:
अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद.
पायऱ्या अशा सरळ, की वाटावं
प्रत्येक पोर खालूनच चढत येतं.

आधी विराजचं झालं.
विराज वाचतो म्हणजे घाटात ब्रेक नसलेली जीप.
बावन्न शब्द, चूक एकही नाही.
सर म्हणाले, वा!
मी हळूच विचारलं, अरे, भाकरी कुणी खाल्ली रे गोष्टीत?
तो म्हणाला, कोणती भाकरी?
ह्याला तक्त्यात रकाना नव्हता.

मग हर्षदा आडे.
घरी तिला झमकू म्हणतात.
हर्षदा म्हटलं की आपणच, हे अंगवळणी पडायला
पहिलीचं अर्धं वर्ष गेलं होतं.
ओळीखाली तिनं बोट ठेवलं.
छापलं होतं: आई चुलीजवळ बसली.
तिनं वाचलं: याडी चुलीजवळ बसली.
सरांचा पेन हलला.
छापलं होतं भाकरी,
तिनं वाचलं बाटी.
पेन.
पाहुणे आले, पाहुणे जेवले,
धाकट्यानं अजून एक मागितली,
हे सगळं ती वाचत गेली
खडीच्या रस्त्यानं अनवाणी चालावं तसं,
बघून बघून.
शेवटची ओळ होती: टोपलीत एकही उरली नाही.
तिथं ती थांबली.
बोट तिथंच. मान वर.
"बाई, मंग याडीनं काय खाल्लं?"

आकडे पळत होते.
बेचाळीस, त्रेचाळीस.
तिला खरंच उत्तर हवं होतं,
आणि मला चाचणीत बोलायची परवानगी नव्हती.

सर, म्हटलं, वाचलंय तिनं.
फक्त घरी नेऊन वाचलंय.
गव्हाणे सर वाईट माणूस नाही.
चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.
मग म्हणाले, पटतंय मॅडम,
पण लिंक आज रात्री बारापर्यंतच आहे.

मी मूळची सेलूची.
डी.एड.ला पुण्यात होते तेव्हा
'काहून' म्हणाले की मागचे दोन बाक हसायचे.
महिन्याभरात सुटलं ते.
आता तांड्यावरही 'का' येतं तोंडात,
सरळ, धुतलेलं,
आणि आईशी फोनवर बोलताना
मधेच एक सेकंद अडखळते.
कुणी मोजलं नाही अजून.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ.
संध्याकाळी कठड्याला टेकून चौदा नावं भरली.
विराजचा चौकोन हिरवा झाला.
हर्षदाचा आपोआप लाल.
शेवटी एक जागा होती, शेरा.
मी लिहिलं: आईच्या वाट्याला काय आलं, हे विचारते.
खाली अक्षरं उमटली:
कृपया फक्त अंक भरा.
डास चावत होते.
खोडलं. शून्यही भरवेना, रिकामंच सोडलं,
मग तेही चालेना, तेव्हा एक टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं मार्क विचारले नाहीत.
पुढचं पान मागितलं.
पुढचं पान नाही गं, म्हटलं,
उतारा तिथंच संपतो.
असं कसं, म्हणाली,
आणि खिचडीच्या रांगेत पुढच्या पोरीला सांगू लागली.
ती म्हणाली, शेजारून आणली असंल.
कुणी म्हणालं, पीठ होतं की डब्यात.
विराज ताट घेऊन वळला:
"तिनं पैलीच खाल्ली आसंल, तव्याजवळ, उभ्या उभ्या.
माझी तसंच करती."
"माझी नाही करत," झमकू म्हणाली,
आणि पेटलं भांडण,
अर्धं त्यांच्या बोलीत, अर्धं माझ्या,
खिचडी निवत चाललेली.

घंटा द्यायची वेळ होऊन गेली होती.
फोन टेबलावर पालथा.
सर मला लावत असतील बहुतेक,
पण टाकी लांब होती.