वडिलांचे / पतीचे नाव

सेनापती बापट रस्त्यावरून
टेकडीकडं वळणाऱ्या गल्लीत माझं दुकान आहे.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो,
परदेशी पोरांचे फॉर्म भरून मिळतील.
हे शेवटचं बोर्डावर नाही. पण मिळतात.

त्यामुळं कुठकुठले बाप माझ्या काचेवर पालथे पडलेत.
उजेडाची पट्टी त्यांच्या नावांखालून सरकते,
गरम कागद बाहेर येतो.

इथिओपियाची सेलाम म्हणाली, आडनाव नसतंच आमच्यात.
माझ्यामागं बापाचं नाव, त्याच्यामागं त्याच्या बापाचं.
म्हटलं, मग या आडनावाच्या रकान्यात काय लिहू?
"बापच लिहा," म्हणाली.

हेन्रिक सांगत होता, त्यांच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाशी
एका गुरुवारी बापलोक हातगाडीवर बिअर लादून
रानात निघतात, गात, धडपडत.
"आणि पोरं?"
"पोरं कशाला?"
मला पटलं ते. सन्मान म्हणजे कधीकधी
एक दिवस कुणी 'बाबा' म्हणून हाक न मारणं.

थायलंडची पिम पाच डिसेंबरला
पिवळा टॉप घालून आली, हातात कर्दळ.
तिकडं बापाला हेच फूल देतात म्हणे.
कुठं मिळालं गं? तर नाल्याकडं बोट.
आमच्याकडं कर्दळ सांडपाण्यावर वाढते,
मुद्दाम कुणी पाणी घालत नाही.
मी फूल काचेवर ठेवलं, झाकण अर्धंच लावलं,
स्कॅन करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

समोरच्या सोसायटीचा वॉचमन टेकबहादूर
श्रावणातल्या अवसेला माझ्या पंचिंग मशीनला
फोन टेकवून बसतो.
बापाचं तोंड बघायचा दिवस, म्हणतो.
रेंज जाते, तोंडाचे चौकोन चौकोन होतात,
तो तेही बघतो.

तीच आमची पिठोरी.
आई डोक्यावर वाण धरून विचारायची, "अतीत कोण?"
आम्ही मागून म्हणायचो, "मी."
बाप तेव्हा खडकीला, सेकंड शिफ्टला.
त्याला कुणी विचारलंच नाही, कोण.

सोपान झुरुंगे. दारूगोळा कारखाना.
सायकलला डबा, डब्याला फडकं, फडक्याला गाठ.
माझ्या नावाच्या मधोमध तेवीस वर्षं राहिला,
मग ताटातल्या तांदळात अंगठीनं
नवऱ्यानं नाव लिहिलं.
कुंदा तेवढी राहू दिली.
बाप मधून निघून गेला, आवाजही झाला नाही.

बँकेच्या फॉर्मवर अजून असतं ते:
वडिलांचे, तिरकी रेघ, पतीचे नाव.
लागू नसेल ते खोडा.
मी रोज दुसऱ्यांसाठी खोडते,
पट्टी धरून, सरळ.

परवा येमेनचा नबील आला. बोलता बोलता म्हणाला,
आमच्याकडं बापाला थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात.
माझा बाप अबू नबील.
त्याचं खरं नाव गल्लीत निम्म्यांना ठाऊक नाही.
मी हसले. सुटे परत दिले.
तो गेला, आणि ट्रेमधला कागद संपला तरी
मी तशीच उभी.

रिटायर झाल्यावर फंडातून बापानंच घेतलं होतं
पहिलं मशीन, सेकंडहँड,
आणि बोर्ड रंगवून आणला होता: कुंदा झेरॉक्स.
मी तेव्हा सासरी, सोलापूरला.
कधी माहेरी आले की दुकानात बसायचे स्टुलावर.
कॉलेजची पोरं यायची घाईत,
"ओ कुंदाकाका, दोन पाठपोट!"

आणि माझा बाप, मशीनवर वाकलेला,
मान वर न करता म्हणायचा,
"ओ."